शरीराचे कुंपण : त्वचा, तिचे कार्य व तिची जपणूक

विष पोटात गेले तरच ते बाधते, अंगावर उडालेले औषध उन्हाने वाळून जाते व त्याचा काही उपद्रव होत नाही, अशी समजूत अद्यापि पुष्कळ गावांत आढळते. सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांनी औषध प्राशन केलेले नव्हते. फवारणीचे नित्याचे काम करीत असतानाच श्वासावाटे व त्वचेवाटे विष त्यांच्या अंगात भिनले होते. जे आवरण माणसाचे बाहेरच्या जगापासून रक्षण करते, त्याच आवरणातून विष आत कसे शिरले, हे समजण्यासाठी प्रथम ते आवरण कसे रचलेले आहे, ते कशाला अडवते आणि कशापुढे हतबल होते, हे पाहिले पाहिजे.

त्वचेची रचना

प्रौढ माणसाच्या अंगावरील त्वचा पसरून मांडली तर ती दीड ते दोन चौरस मीटर भरेल, म्हणजे साधारणपणे एका माणसाच्या अंथरुणाएवढी. तिची जाडी सर्वत्र सारखी नसते. पापणीवर ती कागदासारखी पातळ असते, तर तळपायावर काही मिलिमीटर जाड असते. जेथे झीज अधिक तेथे जाडी अधिक, असा हा हिशेब आहे.

त्वचेचे मुख्य थर दोन. वरचा तो बाह्यत्वचा व खालचा तो अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी अखंड तयार होत असतात. त्या हळूहळू वर ढकलल्या जातात, वाटेत चपट्या होतात, कठीण होतात आणि पृष्ठभागावर पोचेपर्यंत मरून जातात. या प्रवासास सुमारे चार आठवडे लागतात. आंघोळीच्या वेळी अंग चोळले असता जो मळ निघतो, त्यात धुळीइतकाच या मृत पेशींचाही वाटा असतो. अंगाचे सर्वांत बाहेरचे आवरण अशा प्रकारे निर्जीव असते, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. तथापि त्यातच त्याचे सामर्थ्य आहे. निर्जीव पेशीला भूक नाही, वेदना नाही, आणि बहुतेक रोगजंतूंना तिच्यात वाढता येत नाही. बैलाचे शिंग, गायीचा खूर व माणसाचे नख ज्या कठीण द्रव्याचे बनलेले असते, त्याच केराटिन नावाच्या द्रव्याने या पेशी भरलेल्या असतात. विटांच्या भिंतीत जसा चुना भरावा, तसा या पेशींच्या दरम्यान एक स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. त्यामुळे बाहेरचे पाणी आत मुरत नाही व आतील ओलावा बाहेर उडून जात नाही. अंग फार भाजलेल्या रोग्याच्या जिवाला धोका असतो तो याचमुळे. भिंत पडताच शरीरातील पाणी झपाट्याने निघून जाते आणि जंतूंना मोकळी वाट मिळते. भाजलेल्या जागेवर स्वच्छ गार पाण्याची धार वीस मिनिटे सोडावी व नंतर स्वच्छ कापडाने झाकून रोग्यास दवाखान्यात न्यावे. शाई, दंतमंजन किंवा शेण लावू नये.

हा स्निग्ध पदार्थ फार मोलाचा आहे. इंजिन दुरुस्त केल्यावर रॉकेल किंवा डिझेलने हात धुण्याची सवय अनेकांस असते. काळा डाग जातो हे खरे, परंतु त्याबरोबर विटांमधील चुनाही जातो. धुण्याच्या सोड्यात रोज हात घालणाऱ्या बायकांचे हात रखरखीत होऊन फुटतात, त्याचेही कारण हेच.

अंतस्त्वचा ही जिवंत, चिवट व लवचिक असते. रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, घामाच्या ग्रंथी व केसांची मुळे तिच्यातच असतात. कातडी कमावताना ढोर ती चुन्याच्या निवळीत भिजवून केसांसह वरचा थर काढून टाकतात आणि मागे उरते ती ही अंतस्त्वचा. पायातील कोल्हापुरी चप्पल म्हणजे जनावराची अंतस्त्वचाच होय. या थराच्या खाली चरबीचा मऊ थर असतो. तो मार झेलतो व थंडीत ऊब राखतो.

घासणे, घट्टे व भेगा

फावड्याचा दांडा प्रथमच हाती धरणाऱ्या तरुणाच्या हाताला पहिल्याच दिवशी फोड येतो. जुन्या गड्याच्या हाताला मात्र तोच दांडा घट्टा पाडतो. अचानक व फार घर्षण झाले तर त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात व मध्ये पाणी साचते, तो फोड. तेच घर्षण थोडे थोडे व दीर्घकाळ होत राहिले, तर तळाच्या पेशी अधिक वेगाने वाढून वरचा थर जाड करतात, तो घट्टा. म्हणजे घट्टा हा रोग नसून शरीराने स्वतःहून केलेली डागडुजी आहे. नव्या मजुराला पहिल्या आठवड्यात हलके काम द्यावे, हा जुन्या शेतकऱ्यांचा रिवाज या दृष्टीने शहाणपणाचाच म्हणावा लागेल. फोड आल्यास तो फोडू नये. त्याची कातडी हीच त्याची पट्टी असते.

जाड झालेली त्वचा कोरडी पडली की तिचा लवचिकपणा जातो आणि शरीराचा भार पडताच टाच उलते. हिवाळ्यातील भेगा अशा होतात. रात्री कोमट पाण्यात पाय पंधरा मिनिटे बुडवून, मऊ झालेली कातडी हलक्या हाताने घासून, पाय ओलसर असतानाच स्निग्ध पदार्थ चोपडावा व वर मोजे घालावेत. कोकणात यासाठी कोकमाचे तेल पिढ्यान्पिढ्या वापरतात. ते योग्यच आहे. खोबरेल तेलाने किंवा व्हॅसलिननेही हे काम होते. पात्याने भेगा तासणे मात्र टाळावे. भेगांत बिब्बा घालण्याची चाल तर सर्वस्वी सोडून द्यावी. बिब्ब्याच्या रसाने त्वचा भाजून निघते व तिच्यावर फोड येतात. काजूच्या टरफलातील तेलाचाही हाच गुण आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत काजू सोलणाऱ्या स्त्रियांचे हात काळे पडून सोलवटतात ते त्यामुळे. बिब्बा, काजू व आंबा ही झाडे एकाच कुळातील आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे आंब्याचा चीक ओठाला लागून फोड का येतात, याचाही उलगडा होतो.

चिखल, पाणी व उघडे पाय

त्वचा पाणी अडवते हे खरे, परंतु तासन्‌तास पाण्यात राहिल्यास तिचा वरचा थर पाणी शोषून फुगतो, पांढरा पडतो व सुटू लागतो. भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या अशा सुरू होतात. मऊ झालेल्या कातडीत बुरशी व जंतू घर करतात, आग होते, चालणे अवघड होते. लावणीहून परतल्यावर पाय साबणाने धुऊन बेचके कोरड्या कापडाने टिपून घेणे, हा यावरचा पहिला व अर्धा उपाय होय. पाय धुण्यास कोणी विसरत नाही. कोरडे करण्यास मात्र बहुतेक सर्व विसरतात.

चिखल्या त्रासदायक असतात, परंतु त्यांतून जो दुसरा शत्रू आत शिरतो तो प्राणघातक ठरू शकतो. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू शेतातील पाण्यात व चिखलात मिसळतात. धडधाकट त्वचेतून त्यांना सहसा वाट मिळत नाही, परंतु खरचटलेली किंवा पाण्याने नरम झालेली कातडी त्यांना पुरते. यातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप उद्भवतो. सिंधुदुर्गातील भातशेती करणाऱ्यांस तो चांगला परिचित आहे आणि जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईतही त्याची साथ आली होती. पाण्यात काम केल्यानंतरच्या दोनतीन आठवड्यांत थंडी भरून ताप आला, पोटऱ्या व अंग फार दुखू लागले, डोळे लाल झाले, तर तो साधा ताप समजून अंगावर काढू नये. वेळीच औषध मिळाल्यास हा रोग बरा होतो. विलंब झाल्यास मूत्रपिंडे व यकृत निकामी होण्याची भीती असते. साथीच्या भागात आरोग्य खात्यातर्फे प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात. त्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. गमबूट वापरणे, जखम झाकून मगच वाफ्यात उतरणे व बांधावरील उंदरांचा बंदोबस्त करणे, ही तिन्ही कामे शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातची आहेत.

अंकुशकृमीची गोष्ट याहून निराळी आहे. त्याला जखमेचीही गरज लागत नाही. उघड्यावर केलेल्या शौचातून त्याची अंडी ओलसर, सावलीच्या जमिनीत पडतात. त्यातून निघालेली सूक्ष्म अळी अनवाणी पायाच्या धड कातडीतून थेट आत शिरते, रक्तावाटे फुप्फुसात जाते, तेथून खोकल्याबरोबर घशात येऊन गिळली जाते व अखेर आतड्याला चिकटून रक्त शोषते. हा मार्ग उघडकीस आला तो योगायोगाने. कैरो येथे संशोधन करणाऱ्या आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्या असलेले पाणी सांडले. त्या जागी खाज सुटली व काही आठवड्यांनी त्याच्या स्वतःच्या शौचात कृमीची अंडी सापडली. ही हकीगत त्याने १८९८ मध्ये प्रसिद्ध केली. पायाला खाज, मग महिनोन्‌महिने फिकटपणा, धाप व थकवा अशी लक्षणे दिसली तर रक्त व शौच तपासून घ्यावे. संडासाचा वापर व पायात वहाण, या दोन गोष्टींनी ही वाट बंद होते.

काटा, खिळा व धनुर्वात

बाभळीचा काटा किंवा गंजका खिळा यांनी पडलेले भोक बाहेरून किरकोळ दिसते. परंतु धनुर्वाताच्या जंतूंना असेच खोल व अरुंद भोक हवे असते, कारण त्यांची वाढ हवा न पोचणाऱ्या जागीच होते. हे जंतू माती व जनावरांचे शेण यांत सर्वत्र असतात. यास्तव जखमेवर शेण, माती, राख, चुना अथवा तंबाखू दाबणे म्हणजे चोराला घरात घेऊन दार लावण्यासारखे आहे. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी, काटा संपूर्ण काढावा व लस घ्यावी. सध्या धनुर्वात व घटसर्प यांची एकत्रित लस देतात. (हा माणसांतील घटसर्प. जनावरांचा घटसर्प वेगळा.) लसीचा जोर दर दहा वर्षांनी वाढवून घ्यावा लागतो. बैलांना दरसाल पावसाळ्यापूर्वी टोचून घेणाऱ्या शेतकऱ्याने स्वतःस अखेरचे केव्हा टोचून घेतले, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने आवर्जून विचारावे. उत्तर बहुधा मिळत नाही.

ऊन व घाम

बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन नावाचे काळसर द्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. हे द्रव्य शेजारच्या पेशींच्या केंद्रावर छत्रीसारखे पसरते व उन्हातील अपायकारक किरण शोषून घेते. उन्हात राबणाऱ्याचा रंग रापतो, तो या छत्र्या वाढल्यामुळे. गोऱ्या रंगाच्या हौसेपायी बाजारी मलमे फासून ही छत्री फेकून देण्यात कोणतेही हित नाही. त्याच उन्हाच्या साहाय्याने त्वचा ‘ड’ जीवनसत्त्वही तयार करते, ज्यावाचून हाडे बळकट होत नाहीत.

अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. भर उन्हात कष्ट करणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो आणि एक लिटर घाम पूर्णपणे वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. गारवा येतो तो घाम वाळण्याने, गळण्याने नव्हे. म्हणूनच विदर्भाच्या कोरड्या उन्हापेक्षा कमी तपमानात कोकणच्या दमट हवेत माणूस अधिक कासावीस होतो. म्हशीला घर्मग्रंथी गायीपेक्षा कमी असतात व कातडी काळी असते. ती डबक्यात जाऊन बसते ते आळसाने नव्हे, तर तिला दुसरा मार्गच नसतो म्हणून. घाम फार गेल्यावर केवळ पाणी न पिता मीठसाखरेचे पाणी, ताक किंवा पन्हे घ्यावे. उन्हात काम करणारा बडबडू लागला, बेशुद्ध झाला, अंग चटका बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व त्याच वेळी वाहनाची सोय करावी. गार करण्याचे काम दवाखान्यात पोचेपर्यंत थांबवू नये.

पहारेकरी

त्वचा ही नुसती भिंत नव्हे. तिच्या पृष्ठभागावर किंचित आंबटपणा असतो, जो अनेक जंतूंना मानवत नाही. शिवाय तेथे निरुपद्रवी जंतूंची वस्ती असते. शेतात पीक दाट असले की तणाला जागा मिळत नाही, तद्वत् ही वस्ती परक्या जंतूंना थारा देत नाही. बाह्यत्वचेत फांद्याफांद्यांच्या आकाराच्या पहारेकरी पेशीही असतात. पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने त्या १८६८ साली प्रथम दाखविल्या. आत शिरलेला परका पदार्थ पकडून त्या शरीराच्या संरक्षक दळाला त्याची ओळख पटवून देतात.

ही ओळख कधी कधी अंगाशी येते. गाजर गवत हे त्याचे ढळढळीत उदाहरण. मूळ अमेरिका खंडातील हे तण पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात नजरेस आले व पुढे देशभर पसरले. प्रथम उपटताना काहीच होत नाही. पाचदहा वेळा, कधी काही वर्षांनी, शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखू लागते आणि मग त्याचा वाळलेला भुगा नुसता वाऱ्याने उडून आला तरी चेहरा, मान व हात लाल होऊन खाजू लागतात. एकदा पटलेली ही ओळख शरीर सहसा विसरत नाही. म्हणून ‘मला त्याचे काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यानेही हातमोजे घालूनच, व फुलावर येण्यापूर्वीच, गाजर गवत उपटावे.

नायट्याबाबतही एक इशारा देणे अवश्य आहे. गोरेपणाच्या व खाजेच्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, कारण ते पहारेकऱ्यांनाच झोपवते. बुरशी मात्र खाली पसरत राहते आणि नायटा महिनाभरात कमरेभर होतो. दुकानदाराच्या सल्ल्याने असे मलम घेऊ नये.

वेदना हादेखील एक पहाराच आहे. चुलीतील निखाऱ्याला हात लागताच विचार करण्यापूर्वी तो मागे येतो. कुष्ठरोगात त्वचेतील मज्जातंतू बधिर होतात. बोटे झडतात ती रोगाने आपोआप नव्हे, तर न कळता झालेल्या भाजण्या-कापण्यामुळे व त्या जखमांकडे झालेल्या दुर्लक्षामुळे. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसल्यास लाज न बाळगता तपासणी करावी. सरकारी केंद्रांत औषध विनामूल्य मिळते व रोग पूर्ण बरा होतो.

उघड्या जागा

डोळा, नाक व तोंड या जागी कठीण कातडी घालून चालणार नव्हते. तेथे निराळी व्यवस्था आहे. नाकातील केस धूळ गाळतात, चिकट शेंबूड ती धरून ठेवतो, आणि श्वासनलिकेतील सूक्ष्म रोमांची सततची हालचाल ती घशाकडे ढकलते. भुवया कपाळावरील घाम बाजूला वळवतात. अश्रूंत जंतू विरघळविणारे एक द्रव्य असते. पुढे पेनिसिलिनमुळे ख्याती पावलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याचे वर्णन १९२२ मध्ये केले होते. परंतु उसाच्या पात्याने किंवा भाताच्या कुसाने बुबुळाला ओरखडा काढला, तर अश्रूंचे बळ पुरत नाही. त्या ओरखड्यातून शेतातील बुरशी आत रुजते व बुबुळावर व्रण पडून दृष्टी जाऊ शकते. अशा डोळ्यात झाडपाल्याचा रस, दूध किंवा घरात पडून असलेले थेंब घालू नयेत. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी तर बुरशी फोफावते. त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. ऊसतोडणीस जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर साधा चष्मा असेल, तर हा प्रश्न बव्हंशी मिटेल.

औषध त्वचेतून कसे शिरते

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. त्वचेची भिंत पाण्याला अडवते, कारण तिच्यातील भराव स्निग्ध आहे. जे द्रव्य तेलात विरघळते त्याला हा भराव अडवीत नाही, उलट वाट देतो. बरीच कीटकनाशके तेलात विरघळणारी असतात, आणि दाट द्रवरूप औषधांत तर विद्रावकही मिसळलेला असतो. म्हणून पाण्यात मिसळलेल्या औषधापेक्षा डब्यातील निव्वळ औषध हातावर सांडणे अधिक घातक. मिश्रण तयार करण्याची दहा मिनिटे ही दिवसभराच्या फवारणीइतकीच जोखमीची असतात, आणि नेमक्या त्याच वेळी काठीऐवजी हाताने ढवळण्याचा मोह होतो.

अंगाच्या सर्व भागांतून विष सारखे शिरत नाही. अमेरिकेत १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पॅराथिऑन या जहाल कीटकनाशकाची अत्यल्प मात्रा माणसांच्या निरनिराळ्या अवयवांवर लावून किती भाग आत जातो, हे मोजले गेले. (या औषधावर आता भारतात बंदी आहे.) हाताच्या पुढच्या भागातून सुमारे ९ टक्के, तळहातातून १२ टक्के, पोटावरून १८ टक्के, डोक्याच्या कातडीतून ३२ टक्के, कपाळावरून ३६ टक्के औषध आत गेले. अंडकोशाच्या त्वचेतून मात्र जवळजवळ सर्वच्या सर्व शोषले गेले. हे आकडे ध्यानात ठेवून गळक्या पाठपंपाचा विचार करावा. पंपाचे झाकण किंवा नळी ठिबकत असते, औषध पाठीवरून कमरेकडे ओघळते, चड्डी भिजते, आणि जेथून विष सर्वांत अधिक शिरते त्या जागेवर ओले कापड चारपाच तास चिकटून राहते. पंपाच्या चकत्या बदलण्यास फार खर्च येत नाही.

पीक डोक्याएवढे वाढलेले असले म्हणजे फवारणीची नळी खांद्याच्या वर धरावी लागते व तुषार कपाळ, मान व छातीवर पडतात. घाम सुटलेली, तापलेली, खरचटलेली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा अधिक शोषते. भर दुपारी, वाऱ्याच्या तोंडाला, गंजी-चड्डीवर केलेली फवारणी म्हणजे सर्व प्रतिकूल गोष्टी एकाच वेळी जुळवून आणणे होय.

संपूर्ण प्लास्टिकचा पोशाख घालावा, असे सांगणे सोपे आहे. भाद्रपदातील उकाड्यात तो घालून काम करणे किती कठीण असते, हे शेतकरीच जाणतो. घाम वाळू न देणारा पोशाख उष्माघातास निमंत्रण देतो, हे वर आलेच आहे. यावर तोड अशी की, फवारणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी वारा पडलेला असता करावी, जाड सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ विजार घालावी, आणि प्लास्टिकचा तुकडा किंवा रेनकोटचे कापड केवळ पाठ व कंबर झाकेल असे पंपाखाली बांधावे. डोक्याला व कपाळाला टोपी, डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी, पायात गमबूट आणि विजार बुटाच्या बाहेर असावी. आत खोचल्यास ओघळ बुटात साचतो. हातमोजे रबराचे असावेत, नायट्राइलचे मिळाल्यास उत्तम. कापडी हातमोजा भिजला की विषाचा बोळा होतो. तीच गोष्ट भिजलेल्या सदऱ्याची. तो काम संपेपर्यंत अंगावर ठेवू नये, तत्काळ बदलावा. फवारणीच्या वेळी तंबाखू मळणे, विडी ओढणे कटाक्षाने टाळावे.

अंगावर पडलेले औषध वाळले की धोका संपला, हा भ्रम होय. त्वचेचा वरचा थर ते स्पंजासारखे धरून ठेवतो व कित्येक तास आत सोडीत राहतो. घरी जाऊन जेवण करून मग आंघोळ, हा क्रम उलटा आहे. फवारणी संपताच शेताजवळच, पिण्याच्या पाण्यापासून व विहिरीपासून दूर, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवावे, केस व नखांच्या खाचाही धुवाव्यात. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नयेत. ते धुणाऱ्या घरच्या बाईच्या हातालाही तीच त्वचा आहे. तिनेही रबरी हातमोजे घालून ते वेगळ्या बादलीत धुवावेत.

डब्यावरील चौकोनाचा खालचा भाग विषाची तीव्रता सांगतो. तांबडा अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम व हिरवा सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे, हे अक्षरओळख नसलेल्या मजुरांस कार्यकर्त्यांनी डबे समोर ठेवून समजावून द्यावे. दोन-तीन औषधे मनाने एकत्र करण्याची प्रथा तर फारच घातक आहे, कारण त्यामुळे बाधा झाल्यास नेमके काय शरीरात गेले हे वैद्यासही ठरविता येत नाही.

डोके दुखणे, मळमळ, तोंडाला लाळ सुटणे, फाजील घाम, अंधूक दिसणे, बुबुळातील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, स्नायू फडफडणे, छाती दाटणे, ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांच्या बाधेची लक्षणे होत. पहिली दोन लक्षणे उन्हाची म्हणून झाडाखाली पडून राहणारा माणूस भिजलेल्या कपड्यांतून विष शोषीतच असतो. अशा वेळी काम थांबवून सर्व कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे, डोळ्यांत औषध गेले असल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. रोग्यास उताणे न ठेवता कुशीवर निजवून त्वरित रुग्णालयात न्यावे आणि औषधाचा डबा, निदान त्यावरील चिठ्ठी, बरोबर न्यावी. फॉस्फरसयुक्त औषधाच्या बाधेवर ॲट्रोपिन हा प्रभावी उतारा डॉक्टरांजवळ असतो. पायरेथ्रॉइड गटातील औषधांवर तसा विशिष्ट उतारा नाही व उपचार लक्षणांनुसार करावे लागतात. कोणता मार्ग धरावयाचा, हे डॉक्टर ती चिठ्ठी वाचून ताबडतोब ठरवू शकतात.